व्हिडिओ कॅमेऱ्याची झूम लेन्स: वापरायची कशी, सांभाळायची कशी

मंगलाष्टकं चालू असताना माझं लक्ष स्क्रीनपेक्षा भटजींच्या तोंडाकडे जास्त असतं. मावश्या-आत्यांनी रचून आणलेली कडवी एकामागून एक येत राहतात, ती कधी संपतील याचा नेम नसतो. पण भटजींनी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू केलं की हातात जेमतेम अर्धा मिनिट उरतो. मग अंतरपाट दूर होणार, अक्षता उडणार, वाजंत्री वाजणार, आणि यातलं काहीही ‘परत एकदा करा हो’ म्हणायची सोय नाही. त्या अर्ध्या मिनिटात लेन्सवर जे करून ठेवायचं, ते मी हाताखालच्या पोरांना दर सीझनला तोंडी सांगतो. यंदा लिहूनच काढतोय.

मी रत्नागिरीकडचा. लग्नं, मुंजी, शिमगा, नमन-जाखडीचे कार्यक्रम शूट करतो. सोनीच्या पीडी-१७० वर हात बसला, आता एक इंची सेन्सरचा कॅमकॉर्डर वापरतो, आणि मोठं काम आलं की खांद्यावरचा कॅमेरा भाड्याने आणतो. लग्नवाल्यांकडे साधारण हेच दोन प्रकार असतात, म्हणून पुढचं सगळं त्यांना धरून आहे. मिररलेसवाल्यांसाठी, म्हणजे फोटोच्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ घेणाऱ्यांसाठी, वेगळं असेल तिथे तसं सांगेन.

लेन्सवरचा कोणता आकडा बघायचा

खांद्यावरच्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर ‘२०×८.२’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ८.२ म्हणजे वाइडच्या, सगळ्यात रुंद दृश्याच्या, टोकाची फोकल लेंथ मिलिमीटरमध्ये (ती जितकी कमी तितकं दृश्य रुंद), आणि २० म्हणजे ती किती पट वाढते. गुणाकार केला की टेलीचं, म्हणजे सगळ्यात जवळच्या दृश्याचं, टोक मिळतं, १६४ मिलिमीटर. पोरं पहिल्यांदा २० बघतात. मी ८.२ बघतो. देवक बसवतात त्या माजघरात पाठीला भिंत लागते, पुढे पंचवीस माणसं बसलेली असतात, तिथे वीस पट झूम घेऊन काय करणार? मोकळ्या जागेत टेली कमी पडली तर चार पावलं पुढे जाता येतं. वाइड कमी पडली तर भिंत फोडता येत नाही.

कॅमकॉर्डरवर नुसतं ‘१२एक्स’ लिहिलेलं असतं. त्यावरून वाइड किती ते कळत नाही, त्यासाठी ३५ मिलिमीटरच्या, म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या, हिशेबातले आकडे बघायचे. उदाहरणार्थ सोनीच्या एनएक्स१०० ची लेन्स त्या हिशेबाने २९ ते ३४८ मिलिमीटर आहे. याचा कामातला अर्थ असा: स्टेजपासून ५० फुटांवर उभे राहिलात, तर वाइडला सुमारे ६० फूट रुंदीचं दृश्य फ्रेममध्ये येतं, म्हणजे अख्खं स्टेज, बाजूची फुलांची कमान आणि वर जेवणाच्या पंगतीला निघालेली मंडळी. टेलीला त्याच जागेवरून साधारण ५ फूट रुंदी येते. नवरा-नवरी, कमरेपासून वर.

झूम बारा पट झाला की हाताची थरथरही बारा पट दिसते. वाइडला जी कुणाच्या लक्षात येत नाही, ती टेलीला बघणाऱ्याला गरगरवते. म्हणून माझा नियम सरळ आहे, अर्ध्याच्या पुढे झूम गेला की ट्रायपॉड. आणि ट्रायपॉडवर चढवला की स्टेडीशॉट, म्हणजे थरथर आवरायची सोय, बंद. नाहीतर तुम्ही सावकाश पॅन सुरू करता, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवता, लेन्स त्याला थरथर समजून दाबून धरते, आणि पॅन थांबल्यावर फ्रेम आपली आपण थोडी सरकते.

डिजिटल झूम मेनूत जाऊन कायमचा बंद करून टाका. त्याने लेन्स काही करत नाही, आहे तेच चित्र ताणून मोठं होतं. सोनीचा क्लिअर इमेज झूम, तोही डिजिटलच, त्यापेक्षा बरा, पण मी तोही अडल्याशिवाय वापरत नाही.

आधी टेलीला जायचं, मग मागे यायचं

माझ्याकडून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या. झूम लेन्सचं कुठलंही सेटिंग टेलीच्या टोकाला जाऊन करायचं आणि मग हव्या त्या फ्रेमवर परत यायचं. वाइडला सगळंच छान दिसतं. साडेतीन इंची स्क्रीनवर तर फारच छान दिसतं. लेन्सच्या सगळ्या लबाड्या टेलीला उघड्या पडतात.

‘तदेव लग्नं’ कानावर पडलं की माझे हात काय करतात, ते क्रमाने सांगतो.

पहिलं, पूर्ण टेलीला जाऊन नवऱ्याच्या मुंडावळ्यांवर फोकस. मणी ही फोकससाठी फार चांगली वस्तू आहे, बारीक, चमकदार आणि डोळ्यांच्या जवळ. पीकिंग चालू असेल तर मण्यांच्या कडा रंगीत होतात. नसेल तर फोकस मॅग्निफायरचं बटण दाबून बघायचं. टेलीला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढेमागे जेवढं शार्प राहतं तेवढी जागा, अगदी कमी असते, वीतभर इकडेतिकडे झालं तरी लगेच कळतं. इथे शार्प मिळालं की मागे येताना ते शार्पच राहतं, कारण व्हिडिओच्या झूम लेन्स तशाच बनवलेल्या असतात. उलट केलंत, म्हणजे वाइडला फोकस करून टेलीला गेलात, तर नेमका हाराच्या क्षणी चेहरा धूसर.

मिररलेसच्या बऱ्याचशा फोटो-झूममध्ये हे चालत नाही. फोकल लेंथ बदलली की त्यांचा फोकस सरकतो. त्या वापरत असाल तर प्रत्येक झूमनंतर पुन्हा फोकस करायचा, किंवा चालू शॉटमध्ये झूमच करायचा नाही.

दुसरं, फोकस मॅन्युअलवर. ऑटोफोकसने आयुष्यभर साथ दिली असेल, तरी अक्षतांच्या वेळी तो तुम्हाला दगा देणार. लेन्सच्या समोरून हजार तांदळाचे दाणे उडतात, कुणाचा तरी हात आडवा येतो, आणि तो बिचारा प्रत्येकाच्या मागे धावतो. मॅन्युअलला लॉक केलेला कॅमेरा तांदूळ धूसर दाखवतो आणि नवरा-नवरी स्वच्छ, जे आपल्याला हवंच आहे.

तिसरं, उजेड. तोही टेलीलाच बघायचा. बहुतेक झूम लेन्स टेलीला जाताना प्रकाश गमावतात. वर सांगितलेली एनएक्स१०० ची लेन्स वाइडला एफ २.८ आहे आणि टेलीला एफ ४.५ (आकडा मोठा तितका प्रकाश कमी). म्हणजे टेलीला निम्म्याहूनही कमी, वाइडच्या साधारण ४० टक्के प्रकाश आत येतो. तुम्ही वाइडला आयरिस, म्हणजे लेन्सचं उघडझाप होणारं भोक, २.८ ठेवून एक्स्पोजर लावलात आणि चालू शॉटमध्ये आत गेलात, तर नवरीचा चेहरा जवळ येता येता काळवंडत जातो. घरचे म्हणतात, ‘ऐन वेळी लाईट गेली का हो?’ उपाय सोपा आहे. आधी टेलीला जा, तिथे मिळणारा ४.५ धरा, त्यावर गेन (कॅमेऱ्याने चित्र उजळवणं) आणि लाईट जुळवा, आणि मग वाइडला या. आता आयरिस ४.५ वरच राहील आणि झूमभर उजेड सारखा दिसेल. हॉलमध्ये त्यासाठी थोडा गेन वाढवावा लागला तर वाढवा. गेनमुळे येणारा थोडा ग्रेन, म्हणजे बारीक दाणे, खपून जातो, मधेच होणारा अंधार खपत नाही.

शटर १/५० वर ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बहुतेक दिवे या शटरला लुकलुकत नाहीत. स्टेजवरच्या स्वस्त एलईडी पट्ट्या मात्र काही वेळा तरीही पट्टे मारतात. ते आधी तपासायचं, पुन्हा टेलीला जाऊनच.

उन्हातल्या वरातीत प्रश्न उलटा होतो, उजेड जास्त. तिथे आयरिस बंद करत करत एफ ११, १६ पर्यंत नेऊ नका. लहान सेन्सरवर आयरिसचं भोक फार बारीक झालं की चित्राची धार जाते, आणि मग लोक लेन्सला नावं ठेवतात. एनडी फिल्टर लावा, उजेड कमी करणारी काळसर काच. बऱ्याच कॅमेऱ्यांत १/४, १/१६, १/६४ अशा पायऱ्या असतात. आयरिस ४ ते ५.६ च्या आसपास राहील ती पायरी निवडा.

आणि चौथं, जिथे शेवट करायचा ती फ्रेम. वाइडवरून आत जायचं असेल, तर आधी आतली फ्रेम लावून बघा: डोक्यावर जागा किती, मागे कुणाचा मोबाइल वर आलाय का, ट्रायपॉडचा बबल मधे आहे का. मग वाइडला या आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबा. रेकॉर्डिंग चालू करून मग आत जाऊन फ्रेम शोधणं म्हणजे लोकांसमोर चपला शोधणं.

रॉकरवरची बोटं

झूम करावा का, हा पहिला प्रश्न. माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असतं. शॉट थांबवा, फ्रेम बदला, पुढचा शॉट घ्या. एडिटिंगला बसलात की पटेल. बारा सेकंदांचा झूम मधून कापता येत नाही, ठेवायचा तर अख्खा ठेवावा लागतो, आणि तीन तासांच्या लग्नात असे दोनशे झूम असले की एडिटर तुमचा फोन उचलत नाही.

पण जिथे झूमला अर्थ आहे तिथे तो करायलाच हवा. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी नाचवतात, तेव्हा देवीच्या रुप्यावरून (मुखवट्यावरून) सावकाश मागे येत सहाणेभोवतीचा, म्हणजे पालखी बसवायच्या जागेभोवतीचा, अख्खा गाव दाखवणं, हे तोडून दाखवता येत नाही.

तर रॉकर, म्हणजे झूमचं दोन टोकांचं बटण. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही रॉकरच्या दोन टोकांवर ठेवायची. एक दाबतं, दुसरं आवरतं. अंगठा रेकॉर्डिंगच्या बटणाजवळ. रॉकर दाबायचा तो कुल्फी हातात धरल्यासारखा. सुरुवातीचा केसभर दाब एवढा हलका, की झूम सुरू झाला हे बघणाऱ्याला सेकंदाने कळावं. मग वेग वाढवायचा आणि शेवटी तसाच सोडत आणायचा. एकदम सोडलात तर फ्रेमला धक्का बसतो. हँडलवरचा झूम स्विच एकाच वेगाने चालतो, तो वेग मेनूतून अगदी कमी करून ठेवला तर हळू झूमसाठी तो रॉकरपेक्षा विश्वासू ठरतो. दोन्ही बाजूंना, झूमच्या आधी आणि नंतर, पाच-पाच सेकंद फ्रेम स्थिर धरायची. मनात मोजा.

सरावासाठी अंगणातलं तुळशीवृंदावन पुरे आहे. संध्याकाळी दिवा लावला की कॅमेरा पंधरा फुटांवर लावा. ज्योतीपासून वृंदावन आणि मागची पडवी दिसेपर्यंत मागे या. आधी पाच सेकंदांत, मग दहा, मग वीस. वीस सेकंदांचा झूम एकदाही न अडखळता जमला की हात तयार झाला. यात एक बाब आपोआप कळते, ज्योत फ्रेमच्या बरोबर मधे नसेल तर झूम होताना ती सरकत जाते, आणि डाव्या हाताने ट्रायपॉडचा दांडा किंचित फिरवत तिला सांभाळावं लागतं. झूम एका हाताचा आणि पॅन-टिल्ट (आडवं आणि वरखाली फिरवणं) दुसऱ्या हाताचा. दोन्ही हात एकत्र चालायला माझे दोन सीझन गेले.

वाइड धूसर, टेली शार्प: बॅक फोकस

बॅक फोकस म्हणजे लेन्स आणि सेन्सर यांच्यातलं अंतर बरोबर बसवणं. हा भाग खांद्यावरच्या, लेन्स काढता येणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी. कॅमकॉर्डरवाले पुढच्या भागावर गेलात तरी चालेल.

एकदा हळदीसाठी भाड्याचा कॅमेरा आणला. दुपारी ताब्यात आला, थेट हळदीला उभा केला. टेलीला नियमाप्रमाणे फोकस, मागे आलो, सगळं शार्प वाटलं. घरी टीव्हीवर लावलं तर सगळे वाइड शॉट साबणाच्या पाण्यातून घेतल्यासारखे. क्लोजअप मात्र चकचकीत. मी लगेच बॅक फोकस गेला असं ठरवून स्क्रू सैल केला आणि तासभर झगडलो, काही केल्या बसेना. शेवटी दिसलं, की लेन्सच्या मागच्या बाजूची मॅक्रो रिंग, अगदी जवळच्या वस्तूंसाठीची, दोन रेघा फिरलेली आहे. आधीच्या माणसाने अंगठीचा नाहीतर मंगळसूत्राचा शॉट घेतला असणार आणि रिंग पूर्ण जागेवर ढकलली नसणार. चूक त्याची, पण ताब्यात घेताना बघितलं नाही ही माझी. रिंग परत शून्यावर नेली, आणि आता मीच बिघडवलेला बॅक फोकस पुन्हा लावत बसलो.

म्हणून वाइड धूसर दिसलं की आधी मॅक्रो रिंग बघायची. ती जागेवर असेल, आणि तरीही वाइड धूसर असेल, तरच स्क्रूला हात लावायचा. असा:

१. सूर्यासारख्या किरणांचा गोल, म्हणजे सीमेन्स स्टारचा चार्ट, ए-४ कागदावर छापून भिंतीला लावा. चार्ट नसेल तर वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान चालतं. कॅमेरा किमान दहा फूट लांब, ट्रायपॉडवर.

२. मॅक्रो शून्यावर, २एक्स एक्स्टेंडर (त्याबद्दल खाली) बंद, गेन शून्य, आयरिस मॅन्युअलवर घेऊन पूर्ण उघडा. उजेड जास्त झाला तर खिडकी लावा किंवा एनडी घाला, पण आयरिस बंद करू नका. आयरिस बारीक केली की सगळंच शार्प दिसायला लागतं आणि चूक लपते.

३. पूर्ण टेलीला जाऊन पुढच्या फोकस रिंगने चार्ट शार्प करा.

४. पूर्ण वाइडला या. पुढच्या रिंगला हात लावायचा नाही. मागच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या तोंडाशी, छोट्या स्क्रूने आवळलेली बॅक फोकसची रिंग असते. स्क्रू सैल करून ती रिंग केसाकेसाने फिरवा. गोलाच्या मध्याजवळच्या रेघा सुट्या दिसतील तिथे थांबा.

५. परत टेली, पुढची रिंग. परत वाइड, मागची रिंग. दोन-तीन फेऱ्यांत असं होतं की कुठेच हात लावावा लागत नाही.

६. स्क्रू आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा एकदा दोन्ही टोकं बघा. आवळताना रिंग हमखास थोडी सरकते.

हे सगळं जमेल त्या मोठ्या मॉनिटरवर बघायचं. लेन्स बदलली, कॅमेरा दुसऱ्याच्या हातून आला, खडबडीत रस्त्याने घाट उतरून आलो, की मी हे न चुकता करतो. हात बसला की दहा मिनिटांचं काम आहे.

एक्स्टेंडरबद्दल एवढंच, की तो फोकल लेंथ दुप्पट करतो आणि प्रकाश एक चतुर्थांशावर आणतो. दिवसाच्या क्रिकेटला ठीक आहे, हॉलमध्ये त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि सर्व्होचा, म्हणजे झूमच्या मोटरचा, स्विच ‘एस’वर असताना झूमची रिंग हाताने पिळू नका. आतल्या गिअरचे दात असेच जातात. हाताने फिरवायची तर आधी ‘एम’वर घ्या.

पुसण्याआधी थांबा

लग्नात लेन्सवर काय काय येतं याची यादी केली तर सत्यनारायणाच्या पूजेचं सामान वाटेल. हळद, कुंकू, तांदूळ, धुपाचा धूर, आणि दारात उभ्या करवल्या गुलाबदाणीने उडवतात ते गुलाबपाणी. ते तर बरोबर लेन्सच्या उंचीला येतं. जेजुरीला सोमवतीला शूट केलेल्या कुणालाही विचारा, भंडारा कुठे कुठे सापडतो ते. महिन्याभराने रिंगच्या फटीतून पिवळा निघतो.

अशा ठिकाणी समोर यूव्ही फिल्टर लावलेलाच बरा. दिव्यांच्या समोर तो कधी कधी भुतासारखी प्रतिबिंबं देतो, म्हणून रात्रीच्या रोषणाईत मी काढून ठेवतो. पण हळद, गुलाल, भंडारा आणि समुद्रकिनारा, इथे फिल्टरशिवाय जात नाही. हूड तर नेहमीच. तो उन्हासाठी असतो असं वाटतं, पण गर्दीत लेन्सवर येणारी बोटं आणि कोपरं तोच अडवतो.

पुसायचा क्रम असा. लेन्सचं तोंड जमिनीकडे करा आणि रबरी ब्लोअरने फुंकर मारा, पाच-सहा वेळा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे तुषार उडतात. मग मऊ ब्रश, तोही लेन्सपुरताच राखून ठेवलेला. एवढ्यात बहुतेक वेळा काम होतं, आणि झालं असेल तर तिथेच थांबा. डाग राहिलाच तर लेन्स टिश्यूवर किंवा मायक्रोफायबरवर द्रावणाचा एक थेंब टाका, काचेवर थेट नको, कडेने आत झिरपतो. मधून सुरू करून गोल गोल बाहेर या, दाब न देता. हळदीची पूड कोरडी असताना घासलीत तर त्यातले खडे काचेवरच्या कोटिंगवर रेघा ओढतात. त्यामुळे ब्लोअरआधी कापड नाही, कितीही घाई असली तरी.

गळ्यातला रुमाल, शर्टाचं टोक, काचा पुसायचा निळा स्प्रे, यांपैकी काहीही नको.

समुद्राजवळ काम झालं असेल तर एक वेगळी खबरदारी. खारं पाणी सुकून लेन्सवर धुकं धरल्यासारखा थर बसतो. तो स्पिरिटवाल्या द्रावणाने नीट निघत नाही, कारण मीठ पाण्यात विरघळतं. टिश्यू आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित ओला करून फिरवा, मग द्रावण. बॉडी आणि रिंगही ओलसर कापडाने पुसून घ्या. आणि वाळूचा कण झूम रिंगमध्ये गेल्याचा आवाज आला, किर्र असा, तर रिंग फिरवून ‘मोकळी’ करायला जाऊ नका. ब्लोअर मारा, तेवढ्याने गेला नाही तर तशीच पिशवीत घाला.

आता एक गंमत, जी वर सांगितलेल्या नियमाच्या बरोबर उलट आहे. पुढच्या काचेवरची धूळ टेलीला दिसतच नाही. ती बघायची तर पूर्ण वाइडला या, आयरिस बारीक करा आणि पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे कॅमेरा धरा. मग एकेक ठिपका दिसतो. सूर्य मात्र टाळा. टेलीवरची लेन्स उन्हाकडे तोंड करून राहिली तर भिंग करतं तेच ती आतल्या सेन्सरचं करते. शूटिंगच्या मधल्या वेळेत ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याला झाकण लावायची सवय त्यासाठीच.

चातुर्मासातलं दुखणं

लेन्स कामात खराब होते त्यापेक्षा पडून जास्त खराब होते. आणि आपला धंदा असा, की आषाढी एकादशीनंतर मुहूर्त संपतात ते तुळशीच्या लग्नापर्यंत. कॅमेरा बॅगेत जातो, बॅग कपाटाच्या वर. नेमके हेच महिने कोकणात कपाटातल्या चपलांवरही बुरशी धरणारे. कार्तिकात बॅग उघडावी तर लेन्सच्या आत कोळिष्टकासारखे पांढरे धागे.

ही बुरशी, सगळे फंगसच म्हणतात, हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांवर बराच काळ राहिली की वाढते. अंधार आणि कोंडलेली हवा तिला आवडते. काचेवर नुसती बसत नाही, तिच्यातून निघणारं आम्ल कोटिंग खातं. सुरुवातीला पकडली तर सर्व्हिसवाला काच पुसून देतो. उशीर झाला तर पुसल्यावरही तिचा नकाशा काचेवर उरतो.

ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर घ्या आणि ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. नसेल परवडत तर रबराची कड असलेला, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा, आत पावशेर सिलिका जेल आणि एक छोटं हायग्रोमीटर. रंग बदलणारं जेल घ्या, भगव्याचं हिरवं झालं की ते भरलं, मग पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला तापवून पुन्हा वापरायचं. आर्द्रता ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि ग्रीस सुकतं. डब्यात तांदूळ घालायची युक्ती मोबाइलवर फिरत असते. तांदळाची भुकटी लेन्समध्ये जाते, बाकी काही होत नाही. कॅमेऱ्याची मूळ बॅग आणि चामड्याचं कव्हर या डब्यात नको, ते स्वतःच ओलावा धरून बसतात.

ठेवताना बॅटरी काढा. दर आठवड्याला, मी रविवारी करतो, बाहेर काढा, बॅटरी लावून झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा, फोकस आणि आयरिसही. आतलं ग्रीस एका जागी बसत नाही, आणि बुरशी धरत असेल तर तेव्हाच दिसते.

पावसाळ्यात काम आलंच, तर आणखी एक जपा. एसी गाडीतून किंवा एसी हॉलमधून थेट बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर पाणी धरतं, बाहेरूनही आणि कधी कधी आतूनही. बॅगेची चेन लावलेलीच ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, मग उघडा. घाई असेल तर पोहोचायच्या आधी गाडीचा एसीच बंद करा. नवरदेव कुरकुरला तर कुरकुरू दे.

जुनी लेन्स घेताना, आणि दुरुस्तीला देताना

मुंबईच्या बोरा बाजारात जा किंवा ओळखीतून घ्या, खिशात टॉर्च हवाच. मागच्या काचेतून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे चार कण प्रत्येक लेन्समध्ये असतात, त्याची भीती नको. धागे, किंवा दुधासारखा एकसारखा पांढुरका थर दिसला तर भाव करत बसू नका, ठेवून या. मग कॅमेऱ्यावर लावून टेलीला फोकस करा, मागे या, परत आत जा. फोकस टिकला का? झूम होताना फ्रेम एका बाजूला उडी मारते का? रॉकर अगदी हळू दाबल्यावर झूम अडखळत निघतो का? विकणारा वेगाने झूम करून दाखवतो, तुम्ही हळू करून बघा. थकलेली मोटर हळू चालवली की कळते. रिंग हाताने हलवून किती ढिली आहे तेही बघा, आणि आयरिसच्या पात्यांवर तेलाची चमक नाही ना ते.

स्वतः लेन्स उघडू नका. बाहेरून करता येण्यासारखं थोडंच आहे, घामाने फुगलेलं रबर बदलणं, लेन्सच्या केबलच्या पिना साफ करणं, सुटलेला बाहेरचा स्क्रू आवळणं. रिंग जड झाली म्हणून दरवाजाच्या बिजागरीला मारतात तो स्प्रे मारलेली लेन्स मी बघितली आहे. तेल पसरत पसरत आयरिसच्या पात्यांवर आलं होतं.

दुरुस्तीला देताना नुसतं ‘फोकस नीट नाही’ असं सांगू नका. कार्डावर तीस सेकंदांचं फुटेज घेऊन जा: चार्टवर टेली, तिथून सावकाश वाइड, पुन्हा टेली. चिठ्ठीवर लिहा, दोष थंड कॅमेऱ्यात येतो की तासभर चालल्यावर, कुठल्या फोकल लेंथच्या आसपास. लेन्सचा सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. आणि परत मिळाली की काउंटरवरच कॅमेऱ्याला लावा, समोरच्या दुकानाच्या पाटीवर टेलीला जाऊन फोकस करा, वाइडला या, रॉकर अगदी हलका दाबून पुन्हा आत जा. पाटीवरची बारीक अक्षरं वाचता आली की पैसे द्या.